फाल्गुनात दाजीपूरचं जंगल पायी कसं पाहावं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरहून ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परतणारे बहुतेक जण सकाळी नऊनंतर गेटवर पोचलेले असतात, रविवारी गेलेले असतात आणि दिवसभर नुसते चालत राहिलेले असतात. जनावर जंगलात असतंच. पण त्या वेळी, त्या जागी ते नसतं. आणि असलंच तर माणसाला ते दिसण्याआधी त्याला माणसाचा वास लागलेला असतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा तिसरा आठवडा, म्हणजे साधारण माघ संपता संपता ते फाल्गुनभर, हा काळ पायी हिंडणाऱ्यासाठी वर्षातला सर्वांत सोयीचा. पाणी, फुललेली झाडं आणि वारा या तीन गोष्टींवर दिवस बेतला आणि चालण्यापेक्षा बसण्याला जास्त वेळ दिला, तर सहा-सात किलोमीटरच्या फेरीतही भरपूर दिसतं. वीस किलोमीटर तुडवून पायाला फोड येतात, एवढंच.

जंगलाची ओळख थोडक्यात. दाजीपूरचं गवा अभयारण्य १९५८ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीही आहे. अभयारण्यात दोन मोठे जलाशय आहेत: भोगावतीवरचा राधानगरीचा लक्ष्मी तलाव, जो राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतला, आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे सपाट पठारं, उतारांवर आणि खोंगळ्यांत, म्हणजे खोलगट घळींत, दाट सदाहरित झाडी, आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा. हा आराखडा डोक्यात पक्का बसवा, कारण जनावराचा दिवस सडा, झाडी आणि पाणी या तिन्हींच्या मधे फिरतो. पहाटे सड्यावर चरायचं, ऊन चढलं की झाडीत शिरायचं, मधे केव्हातरी पाण्यावर यायचं.

तारीख कशी ठरवायची

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बरेच ओढे अजून वाहते असतात. पाणी सगळीकडे असेल तर जनावरही सगळीकडे पांगलेलं असतं. मार्च लागला की लहान ओढे तुटतात, डबकी आटतात आणि पाणी ठरावीक जागी उरतं. त्याच सुमाराला जलाशयांची पातळी उतरते आणि उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं. सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असताना हा हिरवा पट्टा गव्यांना ओढून आणतो. पुढे एप्रिलमध्ये पाणवठ्यांवर गर्दी आणखी वाढते हे खरं, पण तोवर धुरकट हवा, वणव्याची धास्ती आणि दुपारचा उन्हाचा तडाखा यांनी चालणं नकोसं होतं. सकाळच्या दोन तासांनंतर हाती काही लागत नाही.

अवकाळी पाऊस झाला तर तीन-चार दिवस थांबा. एका सरीनं सड्यावरच्या खोलगट जागा भरतात आणि आठवडाभर हेरून ठेवलेला पाणवठा ओस पडतो. शनिवार-रविवार टाळा. होळीपासून रंगपंचमीपर्यंतचे दिवसही टाळलेले बरे, कारण फोंडा घाटाच्या रस्त्यावर शिमग्याला कोकणात जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि गाड्यांचे हॉर्न सड्यापर्यंत ऐकू येतात. मंगळवार ते गुरुवारमधला एखादा दिवस उत्तम. मात्र गेट आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर ऐंशी किलोमीटर जाऊन कुलूप बघून यावं लागेल.

परवानगी आणि वाटाड्या

अभयारण्यात पायी शिरणं म्हणजे गडावर फिरायला जाणं नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार प्रवेशावर निर्बंध आहेत आणि पर्यटनासाठीही कलम २८ खाली परवाना लागतो. व्यवहारात याचा अर्थ असा: आदल्या आठवड्यात वन्यजीव विभागाच्या कार्यालयाशी बोला, त्या वेळी कोणत्या वाटा पायी चालायला खुल्या आहेत ते विचारा, गेटवर नोंद करा, शुल्काची पावती घ्या आणि ती दिवसभर खिशात ठेवा. सगळ्यांची ओळखपत्रं सोबत असू द्या. ड्रोन घरी ठेवा.

वाटाड्या घेणं नियमात असो वा नसो, घ्याच. तो फक्त वाट दाखवत नाही. काल कुठल्या पाण्यावर काय आलं होतं हे त्याला माहीत असतं आणि आपल्या सगळ्या तयारीपेक्षा ती एक माहिती मोलाची ठरते. त्याच्याशी आदल्या संध्याकाळीच बसून बोला. तीन प्रश्न विचारा. सध्या पाणी कुठे कुठे उरलंय? कोणत्या झाडाला फूल किंवा फळ आहे? एकटा फिरणारा गवा किंवा पिल्लाची अस्वल कोणत्या बाजूला दिसली? ‘गवे दिसतील का?’ हा प्रश्न विचारू नका. मान राखायला तो ‘दिसतील की’ म्हणणार आणि मग तुम्हाला खूश करायला नको तितक्या जवळ नेणार.

गटात चारपेक्षा जास्त माणसं नकोत. पाचवा माणूस आला की कुजबुज सुरू होते.

तिथवर पोचणं

कोल्हापूरपासून राधानगरी सुमारे ५५ किलोमीटर आणि दाजीपूर सुमारे ८०. रस्ता भोगावतीच्या काठानं राधानगरी, फेजिवडे, हसणे असा पुढे फोंडा घाटाकडे जातो. पहाटे चार वाजता कोल्हापुरातून निघून सूर्योदयाला पोचता येतं, पण झोप झालेली नसते आणि पाणवठ्यावर डुलकी लागते. आदल्या दिवशी दुपारी निघून राधानगरी किंवा दाजीपूर परिसरात मुक्काम करणं केव्हाही चांगलं. एसटीनं येणार असाल तर मुक्काम करावाच लागेल. रात्री त्या रस्त्यावर गाडी सावकाश हाका. अभयारण्यातून जाणाऱ्या भागात गवे रस्ता ओलांडतात, आणि काळ्या अंगाचं जनावर दिव्याच्या झोतात फार उशिरा दिसतं. आधी दिसतात ते चार पांढरे पाय.

वाटेत राधानगरीच्या अलीकडे एकदा तरी थांबून झाडं बघून घ्या. काटेसावर, पांगारा आणि पळस कितपत फुललेत यावरून वर काय असेल याचा अंदाज येतो. इकडे सावरीखाली फुलांचा सडा पडला असेल, तर वरच्या थंड भागात ती ऐन बहरात असण्याची शक्यता जास्त.

पाठीवर काय घ्यायचं

पाणी माणशी तीन लिटर. आतल्या पाणवठ्यांवर विसंबू नका. ते जनावरांचं पाणी आहे आणि मार्चमध्ये गढूळही असतं. शिवाय एका लिटरच्या बाटलीत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्या. दुपारी सड्यावर कुणाला गरगरलं तर नुसत्या पाण्यापेक्षा हे कामाला येतं.

खायला चपातीची गुंडाळी, गूळ-शेंगदाणे, केळी, काकडी. भडंग कितीही आवडो, गाडीतच ठेवा. त्याच्या पिशवीची चुरचुर पन्नास मीटरवर ऐकू जाते. प्लास्टिकची पिशवी एकही नको. सगळं कापडात किंवा डब्यात. झणझणीत वासाचे पदार्थही परतल्यावर.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश येतो. १० बाय ५० जड पडते आणि हात थरथरला की चित्रही थरथरतं. १० बाय २५ ची खिशातली दुर्बीण सदाहरित झाडीतल्या सावलीत जवळजवळ निरुपयोगी. चारजणांत दोन दुर्बिणी पुरतात, एकच असेल तर भांडण.

कपडे पूर्ण बाह्यांचे, फिकट मातकट किंवा शेवाळी रंगाचे. गव्याला, सांबराला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, पण पांढराशुभ्र शर्ट, चकाकणारं घड्याळ आणि हलणारा हात लगेच कळतो. जीन्स नको, ती घामानं जड होते आणि चालताना घासून आवाज करते. नायलॉनची जाकिटंही तशीच. पायात बोटं झाकणारे, पकड असलेले बूट, कारण जांभ्याच्या खडबडीत दगडावर चपलेचा पाय मुरगळतो. अत्तर, डिओ, सुवासिक तेल काही लावू नका. जनावराला वास लागतो हे एक, आणि आग्या मोहोळाच्या माश्या तीव्र वासानं बिथरतात हे दुसरं. काडेपेटी आणि विड्या गाडीतसुद्धा सोडू नका, घरीच ठेवा. वाळलेल्या गवताचा सडा पेटायला एक थोटूक पुरतं, आणि अभयारण्यात आग लावणं कलम ३० खाली गुन्हा आहे.

उरलेलं: शिट्टी, चार्ज असलेली विजेरी, रुंद पट्टीचं बँडेज, बारीक टोकाचा चिमटा, वही-पेन्सिल, आणि एका छोट्या डबीत चुलीतली बारीक राख. राखेचं काम पुढे येतं.

पहाटेची पहिली तीन तासं

फेब्रुवारीअखेर कोल्हापूरकडे सूर्य सातला पाच-सात मिनिटं कमी असताना उगवतो, मार्चच्या मध्याला पावणेसातच्या आत. गेट उघडताच आत शिरायचं आणि पहिला तास सड्याच्या कडेला घालवायचा. गवे रात्रभर उघड्यावर चरलेले असतात आणि साडेआठ-नऊपर्यंत झाडीकडे सरकायला लागतात. तुम्ही सड्याच्या मधोमध चालत गेलात तर क्षितिजावर उभी राहिलेली तुमची आकृती कळपाला अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. म्हणून झाडीची कड धरून चाला. कड संपते तिथे वळणापाशी थांबा, आधी दुर्बिणीनं पुढचा सडा डावीकडून उजवीकडे सावकाश पिंजून काढा, मग पाऊल टाका. सावराई सड्यासारख्या मोकळ्या जागी हे एक पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात काळा खडक आणि बसलेला गवा सारखेच दिसतात. ‘खडकाला’ कान हलताना दिसेपर्यंत वाट पाहा.

चालण्याचा वेग तासाला एक किलोमीटर, फार तर दीड. वीसेक पावलं टाकायची, मिनिटभर थांबायचं, ऐकायचं. थांबायचं तेही मोकळ्या वाटेवर नव्हे, खोडाच्या आडोशाला. सुकलेल्या पाचोळ्यावर टाच आधी टेकू नका. पाऊल बाहेरच्या कडेवरून आत टेकवा. बोलायचं असेल तर अगदी खालच्या आवाजात, ‘स’ आणि ‘श’ टाळून. कुजबुजीतले सिसकारे बोलण्यापेक्षा लांब जातात. मोबाईल विमान मोडवर टाका. आतमध्ये रेंज बहुतेक ठिकाणी नसतेच, आणि शोधत राहून बॅटरी मात्र संपते.

वारा ओळखणं

जंगलात पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक वाऱ्याकडे दुर्लक्ष ही आहे. गवा आणि सांबर डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विसंबतात. अस्वलाची नजर तर मंदच, पण नाक जबरदस्त.

फाल्गुनात घाटमाथ्यावर वाऱ्याचा साधारण दिनक्रम असा असतो. रात्री गार झालेली जड हवा पहाटे सड्यावरून ओढ्याकडे, उताराच्या दिशेनं घरंगळते. ऊन लागलं की दहाच्या सुमारास मध्ये एक ढिला काळ येतो, वारा कुठूनही वळतो. त्यानंतर तापलेली हवा उतारावरून वर चढू लागते आणि दुपारी कोकणाकडून, पश्चिमेकडून वारा येतो. म्हणजे पहाटे पाण्यावर बसायचं असेल तर पाण्याच्या खालच्या अंगाला किंवा बाजूला बसा, वरच्या अंगाला नाही. दुपारनंतर बसायचं असेल तर पाण्याच्या पूर्वेला. खोंगळीत वारा घोटाळतो, तिथे नियमावर भरवसा ठेवू नका. डबीतली चिमूटभर राख बोटांतून सोडा आणि ती कुठे जाते ते पाहा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाहा. राख तुमच्याकडून पाण्याकडे जायला लागली की जागा बदला. बसण्यात घालवलेल्या तासाचा मोह नको, तो तास गेलाच म्हणून समजा.

पाणवठ्यावर बसणं

आधी पाण्याच्या काठावरचा चिखल वाचा, मग जागा निवडा. ताज्या खुरांच्या खुणांच्या कडा धारदार असतात आणि आत पाणी झिरपत असतं. जुन्या खुणांच्या कडा ढासळलेल्या, वाळून तडकलेल्या, आत पाचोळा किंवा कोळ्याचं जाळं. जुन्याच खुणा असतील तर ती जागा सोडून पुढच्या पाण्याकडे चला. वाघाचं पाणी, सांबरकोंड ही नावं नकाशावर मोहात पाडणारी असली तरी नावावर जाऊ नका, चिखलावर जा.

जागा पाण्यापासून ४० ते ६० मीटरवर, मागे खोड किंवा झुडूप असलेली, सूर्य पाठीशी. समोर आडोसा करण्यापेक्षा मागे गडद पार्श्वभूमी असणं महत्त्वाचं, कारण त्यात माणसाची आकृती विरघळते. जनावराच्या पायवाटेवर कधीही बसू नका, आणि पाण्याकडे येणाऱ्या दोन वाटांच्या बेचक्यात तर मुळीच नको; आलेलं जनावर कोंडीत सापडल्यासारखं होतं आणि ते कुणाच्याच भल्याचं नाही. वनविभागाचं मचाण किंवा मनोरा असेल तर त्याचाच वापर करा.

बसल्यावर पहिली वीस मिनिटं काही होत नाही. तुमच्या येण्यानं गप्प झालेलं जंगल पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. आधी सातभाई आणि बुलबुल परत येतात, मग रानकोंबडा पाचोळा उकरायला लागतो. कमीत कमी दीड तास बसायची तयारी ठेवा. तेवढ्या वेळात पाय आखडणारच, म्हणून बसतानाच पाय सुटे राहतील असं बसा आणि खाली घडी घातलेलं पोतं घ्या.

एक मर्यादा पाळा. जनावर पाण्यापर्यंत आलं, तुम्हाला बघून दचकलं आणि न पिता परत गेलं, तर सावकाश उठून तिथून निघा. मार्चमध्ये एक पाणी चुकलं की दुसरं जवळ असेलच असं नाही.

फुललेलं झाड

पक्ष्यांसाठी पाणवठ्याइतकंच मोलाचं ठिकाण म्हणजे बहरलेली काटेसावर. पानं झडलेली असल्यानं आड काही नसतं, आणि लालभडक पेल्यांतल्या मकरंदासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, पर्णपक्षी, सूर्यपक्षी यांची सकाळी सात ते दहा नुसती झुंबड असते. झाडाच्या अगदी खाली उभं राहून मान मोडण्यापेक्षा उतारावर झाडाच्या शेंड्याच्या उंचीला येईल अशी जागा शोधा. संध्याकाळी त्याच झाडाकडे परत या, पण आता नजर खाली: गळालेली मांसल फुलं खायला भेकर येतं, सांबर येतं. पांगाऱ्यालाही पक्ष्यांची अशीच वर्दळ असते.

उंबर पिकला असेल तर सगळा बेत बदलून तिथेच बसा. हरियाल, कुटुरगा, तांबट, मलबार राखी धनेश, शेकरू, वानर, सगळे एका झाडावर मिळतात. धनेशाचा आवाज कुणीतरी खदखदून हसल्यासारखा, तो आला की वर बघा. याच दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसते आणि नर एका फटीतून तिला फळं भरवतो. ढोली सापडली तर दोन मिनिटांत तिथून हला. नर माणूस दिसेतोवर ढोलीवर उतरत नाही आणि आतली मादी उपाशी राहते. जागा कुणाला सांगू नका, फोटोही टाकू नका.

शेकरू शोधायचं तर आधी त्याची घरटी शोधा: उंच झाडांच्या टोकाच्या फांद्यांत काटक्यापानांचे मोठे गोळे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे गोळा दिसला म्हणजे आत कुणी आहे असं नाही. ज्यात ताजी हिरवी पानं खोवलेली दिसतील ते चालू घरटं. 

दहानंतर, पक्षी गप्प झाले की, ओढ्याच्या ओलसर वाळूकडे वळा. फुलपाखरं क्षार शोषायला तिथे झुंडीनं बसतात. राज्य फुलपाखरू निलवंत तिथेच भेटण्याची शक्यता चांगली. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

खुणा आणि हाका

प्रत्यक्ष जनावर दिवसातून चार-दोनदा दिसेल, खुणा मात्र दर पन्नास पावलांवर. गव्याचा खूर गाईसारखाच दुभंगलेला, पण खूप मोठा आणि गोलसर; सांबराचा त्याहून लहान, लांबट आणि पुढे निमुळता. गव्याचं शेण म्हशीच्या पोहासारखं. वरचा ओला तकाकीचा थर आणि घोंघावणाऱ्या माश्या असतील तर कळप जवळच आहे, आवाज बंद करा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या, उमटतात. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलासारखा भासतो, पण पुढच्या पायाची नखं बोटांपासून बरीच पुढे टोचलेली असतात. वारुळ फोडलेलं दिसलं तर माती हातात घेऊन पाहा: आतली माती अजून ओली असेल आणि वाळव्या सैरावैरा धावत असतील, तर अस्वलाला जाऊन फार वेळ झालेला नाही. अशा वेळी पुढे दाट झाडीत शिरताना साध्या आवाजात बोलत चाला. शांततेचा नियम फक्त इथे मोडायचा, कारण अस्वलाला अचानक गाठणं ही या जंगलातली सर्वांत वाईट भेट.

हाका ऐकायला शिकलात तर न दिसलेलंही कळतं. भेकर एकदा भुंकून थांबलं, तर बहुधा त्यानं तुम्हालाच पाहिलंय. तेच एका जागेवरून पाच-दहा मिनिटं भुंकत राहिलं तर त्याच्या समोर शिकारी आहे. वानराच्या खाकरण्याला सांबराच्या एकाच खणखणीत ‘ढँक’ची जोड मिळाली तर बिबट्या चालतोय असं धरायला हरकत नाही, सांबर उगीच ओरडत नाही. भृंगराज पक्षी मात्र नकलाकार आहे, दुसऱ्यांच्या इशाऱ्याच्या हाका हुबेहूब काढतो आणि नवख्यांना फसवतो. राधानगरीच्या पट्ट्यात वाघाचाही अधूनमधून वावर असतो, पण वाघासाठी म्हणून इथे पायी येऊ नका.

गव्यापुढे कसं वागायचं

थोराड नराचं वजन हजार किलोपर्यंत जातं. इतकं वजन असूनही तो उतारावरून माणसापेक्षा कितीतरी वेगानं पळतो. मोकळ्यावर कळपापासून किमान शंभर मीटर अंतर ठेवा. झाडीत एवढं अंतर मिळत नाही, म्हणून झाडीतल्या कळपाचा पाठलाग करायचाच नाही. तांबूस रंगाचं वासरू दिसलं तर त्याची आई कुठे आहे ते आधी शोधा, आणि त्या दोघांच्या मधे तुम्ही आहात असं वाटलं तर आल्या वाटेनं मागे फिरा.

कळपापेक्षा एकांडा नर जास्त धोक्याचा. तो दाटीत एकटा उभा असतो आणि वाट सोडत नाही. त्याच्या अंगावरून मन वाचता येतं. मान वर करून टक लावून पाहणं म्हणजे तो तुम्हाला ओळखतोय, जागीच थांबा. आडवा उभा राहून पाठीचा उंचवटा दाखवत ताठ चालणं ही ताकद दाखवणं आहे, मागे सरा. नाकानं जोरात फुस्कारणं, खूर आपटणं, डोकं खाली घेणं म्हणजे फार उशीर झाला. मागे सरताना पाठ फिरवू नका, धावू नका, दगड मारू नका. बाजूला एखादं जाडजूड खोड शोधा आणि ते दोघांच्या मधे येईल असं सरका. चाल करून आलाच तर खोडाच्या आड राहा, किंवा त्याला चढता येणार नाही अशा खड्या दरडीवर चढा. सगळ्यांनी एकाच बाजूला जा. गट दोन्हीकडे फुटला तर गवा मधे कोंडतो.

डिसेंबर २०२१ मध्ये गवे पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा बघ्यांच्या गर्दीनं परिस्थिती किती चिघळते हे जिल्ह्यानं पाहिलं आहे. शिवारात गवा दिसला तर गलका न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

अस्वल समोर आलं तर तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरा. बिबट्यापुढे वाकू नका, बसू नका. हात वर करून मोठे दिसा.

दुपार, आणि परतताना

साडेअकरा ते साडेतीन जनावर सावलीत बसून रवंथ करतं, तुम्हीही तेच करा. दुपारी सड्यावर चालण्यात अर्थ नाही. झाडीच्या कडेला पडून आकाशाकडे बघा: तापलेल्या हवेवर घिरट्या घालणारा सर्पगरुड त्याच्या लांब शिळेनं आधी ऐकू येतो, मग पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा दिसतो. कुठे धूर दिसला तर वाटाड्याला लगेच सांगा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं, जळालेल्या किंवा उघड्या जांभ्याच्या भागाकडे निघा; उतारावर आगीच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नका.

कड्यांवरची आणि उंच झाडांवरची आग्या मोहोळं दुर्बिणीनंच पाहा. माश्या उठल्या तर हात झटकू नका, तोंड कापडानं झाकून दाट झुडपात शिरा आणि लांब पळा. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं काही नको. अवयव काठीला बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, १०८ ला कळवा आणि राधानगरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथून पुढे कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

चार-साडेचारला पुन्हा जलाशयाचा उघडा काठ किंवा सकाळचं झाड. सूर्य साडेसहानंतर मावळतो, पण गेटवर परतायची जी वेळ दिली असेल तिच्या अर्धा तास आधी पोचायच्या हिशेबानं निघा. अंधुक उजेडात वाटेवर आडवे येणारे गवे हे उशिराचं सर्वांत मोठं कारण असतं, आणि तेव्हा थांबण्यावाचून इलाज नसतो.

पाहिलेलं त्याच दिवशी वहीत उतरवा: वेळ, जागा, किती, काय करत होतं, पाणी किती होतं. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. घरटी, अस्वलाची गुहा, खवल्या मांजराचं बीळ यांची जागा कुठेच जाहीर करू नका.

मुक्कामी पोचल्यावर आधी गोचीड तपासा, आंघोळ नंतर. पावसाळ्यात जळवा, तसे या दिवसांत गोचीड, आणि लहान पिल्लं तिळाएवढी असतात. काखा, कंबरपट्टा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत पाहा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, विस्तव लावू नका. कपडे गरम पाण्यात टाका. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडींतून पसरतो, म्हणून जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं, तर डॉक्टरांना ‘दाजीपूरच्या जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती’ हे न विचारताच सांगा.